अर्धी बाटली

औषधाच्या दुकानात वीस वर्षं उभं राहून त्या माणसाला एक खोड जडली होती. गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत त्याचा हात फडताळाकडे जायचा. खोकला म्हटलं की ही बाटली, पाठ म्हटलं की ती ट्यूब. गल्लीतले लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. आधी तो हसून "अहो, मी कसला डॉक्टर" म्हणायचा. पुढेपुढे तेही म्हणेनासा झाला.

त्याला पाच वर्षांची एकुलती एक मुलगी होती. खिडकी, कपाट, बापाचे खांदे, जिथे चढता येईल तिथे चढायची, म्हणून घरात तिचं नाव खारूताई पडलं होतं. ही खारूताई एका सोमवारी पलंगावरून उतरली ती लंगडतच. अंग तापलेलं.

"मारली असेल कुठून तरी उडी," तो म्हणाला आणि तापाचं पातळ औषध दिलं. संध्याकाळी ताप पुन्हा चढला, तेव्हा त्यानं दुकानातून अँटिबायोटिकची बाटली आणली, पाणी घालून हलवली आणि चमचाभर पाजली.

"दवाखान्यात दाखवू या का?" बायकोनं विचारलं.

"तिथला डॉक्टर वेगळं काय देणार? तो हेच लिहून देईल आणि मी हेच काढून देईन."

मंगळवारी ताप उतरला. बाप खूश. पण पोर काही केल्या पाय टेकवेना. बुधवारी आई चड्डी बदलायला गेली, तर पाय हलताच ती अशी किंचाळली की शेजारीण दारात आली. मग पोर पाय वाकवून, बाहेरच्या बाजूला टाकून नुसती पडून राहिली.

"ताप नाही ना? मग मुका मार आहे," बाप म्हणाला. "दोन दिवसांत पळायला लागेल."

गुरुवारी सकाळी अंग पुन्हा फणफणलं. पोर पाणीही घेईना. या वेळी बायकोनं त्याला विचारलं नाही. पोरीला उचललं आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठलं. तो दुकानाचं शटर ओढून मागोमाग धावला.

सर्जनबाईंनी पाय जेमतेम हलवून पाहिला. रक्त तपासलं, खुब्याची सोनोग्राफी केली.

"खुब्याच्या सांध्यात पू झालाय. आजच उघडून धुवायला हवा. आधी काय औषध दिलंत?"

"तापाचं," तो म्हणाला. "तेवढंच."

बायकोनं पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली. "सोमवारपासून हेही देताहेत," ती म्हणाली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

सर्जनबाई चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "यानं ताप दबला, पू नाही दबला. पू आतून सांधा खातो. यात एकेक दिवस महाग पडतो."

ऑपरेशन झालं. पू वाहून जायला सांध्यात नळी ठेवली, कित्येक आठवडे औषधं चालली. पू तपासायला पाठवला होता, त्यात जंतू सापडलाच नाही. आधीच्या औषधामुळे असं होऊ शकतं, सर्जनबाई म्हणाल्या. "आता अंदाजानंच औषध द्यावं लागेल." 'अंदाजानं' हा शब्द त्याच्या वर्मी लागला.

पोर वाचली. पण खुब्याचा गोळा झिजला. पाय आखूड राहणार, वाढत्या वयाबरोबर फरक वाढणार, पुढे आणखी ऑपरेशनं.

नातेवाईक विचारत, तेव्हा बायको सांगायची, "जिन्यावरून पडली हो." तो मान खाली घालून ऐकायचा. सहा महिने त्यानं हे ऐकलं. मग एके दिवशी त्याची मोठी बहीण आली, आणि चहाचा कप हातात असतानाच त्याचा बांध फुटला.

"ताई, ती पडली नाही गं. मी घरी बसवून ठेवली तिला. मी!"

"अरे, तू काय मुद्दाम केलंस?" ताईनं त्याला जवळ घेतलं. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. दाराची चौकट धरून उभी राहिलेली खारूताई टकामका बघत होती.

ताई गेल्यावर बायकोनं कप उचलले.

"झालात मोकळे?"

"खरं तेच सांगितलं ना?"

"खरं सांगायची वेळ सर्जनबाईंच्या टेबलापाशी होती. तेव्हा दातखीळ बसली तुमची. आज ताईंनी पाठीवरून हात फिरवला, उद्या सगळे फिरवतील. आणि पोरीला मात्र कुणीतरी लग्नाकार्यात सांगेल, तुझ्या बापामुळे झालं म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "पडली म्हणत होते ते तुम्हाला वाचवायला नव्हतं."

"मग तिला कधीच सांगायचं नाही?"

"सांगायचं. तिला समजेल तेव्हा, तुम्हीच सांगायचं. आणि तिच्यासमोर रडायचं नाही. नाहीतर तीच तुमची समजूत काढत बसेल."

बायको आत गेली. पोरीच्या व्यायामाची वेळ झाली होती.