कपाट ओढणारा जबडा

मी सांगतोय ते कुणालाही पटणार नाही, हवी तर पैज लावा. एकेकाळी मी भरीव लाकडाचं कपाट दातांनी ओढत घरी आणलं होतं.

ही गोष्ट काढायची वेळ आली ती आमच्या हिच्यामुळे. जिन्यावरून पडून हिच्या जबड्याचं डावं हाड मोडलं. तारा बांधल्या, तारा निघाल्या, हाड जुळलं. पण ही त्या बाजूनं चावेचना. नुसतं सूप आणि कुस्करलेला बटाटा. काल दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला.

"काकू, हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात पेशी असतात. काही जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. आणि काही हाडातच गाडून घेतल्यासारख्या बसलेल्या असतात; दाब पडला की त्यांना कळतं, मग त्या बाकीच्यांना कामाला लावतात. तुम्ही चावलंच नाहीत, तर पोखरणं चालू राहील आणि भरणं मागं पडेल. पुढं तिथं दात बसवायचा म्हटलं, तर धरायला हाडच नसेल."

हिनं मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा सूप ढवळत बसली. "परत मोडलं तर?" एवढंच म्हणाली. ही बाई जन्मात कशाला घाबरली नाही, मला तर नाहीच नाही.

म्हणून आज सकाळी मी टोस्टची बशी हिच्यापुढं सरकवली आणि सुरुवात केली.

"मी पडलो सुतार. चाळीस वर्षं तोंडात खिळे धरले, तेही उजवीकडेच. त्या पेशींना वाटलं, इथं पूल उभा करायचाय. भरताहेत, भरताहेत! शेवटी न्हावी उजव्या गालासाठी वेगळा वस्तरा काढायला लागला."

"काहीतरीच!" हिनं टोस्ट उचलला. वाद घालताना हिला हातात काहीतरी लागतंच. "आणि डावा गाल?"

"त्याला काम कुठं होतं? हाड इतकं पातळ झालं, की उन्हात बसलो की आरपार दिसायचं."

"पुरे झाल्या थापा." टोस्टचा एक कोपरा तोंडात गेला. उजवीकडे.

मग मी कपाट बाहेर काढलं.

"लग्नानंतर तुझ्यासाठी केलेलं ते कपाट. हमालांनी ऐन वेळी दगा दिला. मी दोराचं टोक उजव्या दाढेखाली धरलं आणि निघालो. रस्त्यानं, जिन्यानं, थेट आपल्या खोलीच्या दारातून आत. कुठं ओरखडा नाही!"

हिनं डोळे वटारले. रागाच्या भरात घास कोणत्या गालात गेला, याचं हिला भान नव्हतं. मला होतं. कुर्रम. डावीकडे. पुन्हा कुर्रम. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

"दारातून?" ही कडाडली. "अहो, दार मोजताना चौकटीसकट मोजलंत तुम्ही! कपाट चार बोटं जास्त रुंद झालं, दारात अडकलं. मग सगळं खोलून एकेक फळी आत नेलीत आणि खोलीत पुन्हा जोडलीत. आणि तेव्हा खिळे तोंडात धरून तासभर कोण उभं होतं? मी! डाव्या दाढेखाली!"