तुटकी शीळ

शीळ घालायला शिकायचं, असं अंबिकेनं मनावर घेतलं तेव्हा शहागंजातल्या त्या गल्लीला दुसरा विषयच उरला नाही. साड्यांना फॉल-पिको करून देणारी, मान खाली घालून जिना चढणारी बाई. हिला हे भलतंच काय सुचलं? समोरच्या दगडाबाईंनी तर सांगूनच टाकलं, की बाईनं शीळ घातली की घरातली लक्ष्मी मागल्या दारानं निघून जाते. अंबिकेच्या दोन खोल्यांना मागलं दारच नव्हतं, म्हणून ती निर्धास्त होती.

खरं कारण होतं तिचे सासरे, बिरू. त्यांना ती मामा म्हणायची. पिशोरच्या डोंगरात त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला होता. सासूबाई वारल्या, मेंढरं विकली गेली, आणि अजिनाथनं, म्हणजे अंबिकेच्या नवऱ्यानं, बापाला शहरात आणलं. इथं आल्यावर मामांचं मन हळूहळू रिकामं होत गेलं. आधी नावं गेली, मग माणसं गेली. पोटचा मुलगासुद्धा त्यांना पाव्हणा वाटू लागला. डोंगर तेवढा शाबूत राहिला. उन्हं कलली की ते डोक्याला लाल पटका गुंडाळत आणि "मेंढरं पांगली" म्हणत जिना उतरू लागत. मागून मामा म्हणा, बाबा म्हणा, बिरू म्हणा. ते आपल्या तंद्रीत पुढं चालतच राहत.

उन्हाळ्यात ते असेच निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याकडं सापडले. त्या दिवशी अजिनाथ एक दांडगं कुलूप घेऊन घरी आला.

"आता एकदा जर गेले ना, तर दिवसभर कुलूप," तो म्हणाला.

"बापाला कोंडून घालणार तुम्ही? डोंगरातल्या माणसाला?"

"मग काय करू? गाडीखाली येऊ देऊ?"

अजिनाथ काही वाईट माणूस नव्हता. मालाचा टेम्पो चालवणाऱ्याला रस्त्यावर काय काय होतं ते रोज दिसतं. पण कोंडलं तर मामा वाळून जातील, हे अंबिकेला पक्कं ठाऊक होतं. आईबापाविना वाढलेल्या तिला 'जेवलीस का' असं रोज विचारणारं पहिलं माणूस तेच होतं. आता ते विचारत नसत, पण म्हणून तिची माया थोडीच आटणार होती!

मग एका सकाळी ती गच्चीवर चहा घेऊन गेली, तर मामा कठड्याशी उभे. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी एक लांब शीळ घातली. ती सरळ निघाली, दूरवर गेली आणि शेवटी दोनदा वाकून खाली उतरली. पलीकडच्या मशिदीवरची कबुतरं उडाली. मामा कान देऊन उभे राहिले, कुणाचं तरी उत्तर येणार असल्यासारखे.

अंबिकेच्या मनात आलं, नावाला ओ न देणारा हा माणूस शिळेला देईल.

"मामा, मला शिकवता का?"

त्यांनी वळून तिच्या डोळ्यांत पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं. "नवी हायेस का तू? ये, बस."

"पण बाईनं शीळ घातलेली चालती व्हय?"

"मेंढरामागं बाई काय अन् बाप्या काय! लांडगा इचारून येतो का?"

तेव्हापासून चहा निवेपर्यंतचा वेळ तिनं स्वतःचा केला. अजिनाथ टेम्पो काढून गेला की ती कप घेऊन गच्चीवर जायची, आणि चहाला साय धरेपर्यंत बसायची. मशीनवर साड्यांचा ढीग पडलेला असे, भांडी नळाखाली वाट बघत असत. बघोत. आपल्याकडं बाईच्या वेळावर सगळ्यांचा हक्क असतो, एकट्या तिचा सोडून. तो तिनं चिमूटभर मागून घेतला, इतकंच.

"जिभेचं टोक मागं दुमड. वठ दातावर घे. आता फुंक."

फुस्स. नुसती हवा.

"येईल, येईल. कोकरूबी पडतंच की आधी."

गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी मामांना काहीच आठवत नसे. "नवी हायेस का तू?" इथपासून पुन्हा सुरुवात. रोज तीच जीभ, तेच ओठ, तोच पहिला धडा, आणि रोज तितक्याच हौसेनं. असा गुरू कुणाला मिळतो, ज्याला शिष्याच्या कालच्या चुका आठवतच नाहीत?

त्या वेळात गच्ची गच्ची उरत नसे. दूरच्या टेकड्यांवरून धुकं उतरायचं आणि घरं त्यात बुडून जायची. वर नुसत्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या, पांढऱ्या, काळ्या, अंग चोरून बसलेल्या. "ती बघ कानाळी मेंढी," मामा एका टाकीकडं बोट करत. "लई लबाड. दुसऱ्याच्या रानात तोंड घालती." आधी अंबिका नुसतं व्हय म्हणायची. मग एके दिवशी खरंच तिला ती टाकी हलल्यासारखी वाटली. खालून दुकानांची शटरं उघडल्याचा आवाज यायचा, तोही कुठं दूर ओढ्यात पाणी पडत असल्यासारखा. तिला वाटे, हा माणूस विसरलेला नाहीच. तो फक्त दुसरीकडं राहायला गेलाय, आणि सकाळी थोडा वेळ आपल्यालाही आत घेतो.

पावसाळा सरता सरता तिची शीळ वाजली. पण कशी? निघायची झोकात, मधेच तुटायची आणि भलत्याच वर चढून संपायची.

"मामा, तुमच्यासारखी शिकवा ना. लांब, खाली उतरणारी."

मामांनी जीभ चावली. "ती माझी. दुसऱ्याची शीळ घेत नसत्यात. मेंढरांनी कुणामागं जावं मग? ज्याची त्याची येगळी. तुझी तुटकी हाये, तीच ठेव. लांबून वळखू येती."

अंबिकेनं मान हलवली, पण मनातून तिला पटलं नाही. तुटक्या शिळेला कोण ओ देणार? ती मामांची शीळ चोरून ऐकू लागली, मशीनवर बसून हळूच घोटू लागली. दिवाळीच्या सुमाराला तिला ती हुबेहूब साधली. तिला इतका आनंद झाला, की त्या भरात तिनं एका साडीचा फॉल उलटा लावला.

आणि त्याच आठवड्यात मामा निघून गेले. साडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी ती आतल्या खोलीत बोलत होती. तेवढ्यात मामा बाहेरच्या खोलीतून कधी निघाले, जिना कधी उतरले, कळलंच नाही. खुंटीवरचा पटका नव्हता. अजिनाथला फोन लावत ती खाली धावली.

"वो लाल पटकेवाले बाबा?" कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला. "क्रांती चौक की तरफ गए, अम्मा. बैठो, जल्दी बैठो."

क्रांती चौकात दिवेलागण झाली होती. चारी बाजूंनी गाड्या, हॉर्न, धूर. पुलाच्या पलीकडं, रस्त्याच्या पार कडेला, तिला लाल पटका दिसला. मामा गाड्यांच्या लोंढ्याकडं बघत शांतपणे चालले होते. हात मधूनमधून वर होई, जणू गाड्या वळवत होते.

"मामा! ओ मामा!" कुठलं ऐकू जायला!

सिग्नल लागला. गाड्या थांबल्या, गोंगाट जरा बसला. अंबिकेनं दोन बोटं तोंडात घातली आणि चोरून शिकलेली ती लांब शीळ घातली, सरळ, भरदार, शेवटी दोनदा वाकणारी. माणसं वळून बघू लागली. मामा थबकले. त्यांनी कान दिला. मान डोलावली. आणि पाठ फिरवून उलट्या दिशेनं झपाझप चालू लागले.

अंबिकेचं काळीजच तुटलं. एवढे महिने, एवढी मेहनत, सगळी पाण्यात. तिला रडू फुटलं. रडता रडताच तिनं पुन्हा बोटं तोंडात घातली, पण आता श्वास कुठं होता धरून ठेवायला? शीळ निघाली, मधेच तुटली आणि वेडीवाकडी वर चढली.

मामा गर्रकन वळले.

या वेळी ते थांबले नाहीत. थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढत, एका हातानं बोनेटं मेंढरांसारखी बाजूला सारत ते सरळ तिच्याकडं आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कामून रडती? वाट चुकली व्हय? घाबरू नको पोरी, मी हाये."

"व्हय मामा," ती म्हणाली. "चुकले." मग डोळे पुसत तिनं विचारलं, "आधीची शीळ ऐकली नाय का तुम्ही?"

"ऐकली की. पक्कं माणूस हुतं कुणीतरी, जुनं. त्याचा कळप त्याच्यापाशी. म्हणलं आपुन बाजूला व्हावं, मेंढरं मिसळाया नको. मग तुझी आली. म्हणलं, पोर एकलीच हाये."

तेवढ्यात, तिनं रिक्षातून फोनवर कळवल्याप्रमाणं, अजिनाथचा टेम्पो आला. तिघं पुढं दाटीवाटीनं बसले, मामा मधे. अजिनाथच्या आवळलेल्या जबड्याकडं बघून अंबिकेला कळून चुकलं, की उद्यापासून दाराला कुलूप लागणार.

"पाव्हणं," मामा अजिनाथला म्हणाले, "या पोरीला नीट घरी सोडा. वाट चुकली हुती. तुमचं नाव काय म्हणायचं?"

"अजिनाथ."

"आरं वा! माझ्या पोराचं बी नाव तेच. लई हुशार. ल्हानपणीच शाळंत धाडला त्याला, वसतिगृहात ठिवला. म्हणलं, मेंढरामागं नको. समदं दिलं त्याला, शीळ तेवढी द्यायची ऱ्हायली. त्याला कधी येळ नव्हता अन् मला..." पुढचं त्यांना आठवलं नाही. ते काचेतून बाहेर बघत राहिले.

अजिनाथनं टेम्पो कडेला घेतला. त्यानं इंजिन बंद केलं.

"कुलूप नको लावायला," तो अंबिकेला म्हणाला. "मी उन्हं कलायच्या आत घरी येत जाईन. त्यांच्या संगं मीच फिरून येईन." मग बापाकडं वळला. "मला शिकवाल का शीळ?"

"शिकवतो की. सकाळी माळावर या. जरा जरा शिकायचं, पण रोज यायचं." मामांनी थोडा विचार केला. "अन् माझं पोरगं भेटलं कुठं, तर त्यालाबी संगं आणा."

"आणतो, बाबा," अजिनाथ म्हणाला.