एकशे अडतीस

“दिसेल ते लिही, नोएला. डॉक्टरला कळव. ठरवणं आपलं काम नाही.”

बावीस वर्षांपूर्वी, वॉर्डातल्या तिच्या पहिल्याच सकाळी, हेडनर्स जर्मेनबाईंनी हे सांगितलं होतं. त्याच जर्मेनबाई आता त्र्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. आपल्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून, चष्म्यावर आणखी एक भिंग धरून त्या नोएलाच्या जाडजूड पुस्तकातले प्रश्न वाचत होत्या.

“अठ्ठावन्न वर्षांची बाई. मधुमेह आहे. दोन्ही भेटींत रक्तदाब चढा. लघवीत प्रथिनं सापडली. पुढची पायरी?” त्यांनी चारही उत्तरं सावकाश वाचली.

“क. तज्ज्ञांकडे पाठवा.”

“चूक.”

पेन्सिलीनं कागदावर आणखी एक फुली मारली गेली. नोएलानं कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. नापास झाल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून ती बिनसाखरेची कॉफी पीत होती. संत आनला तसा नवसच बोलली होती. शिवाय रोज सकाळी जपमाळ, आणि नऊ दिवसांची प्रार्थना आता दुसऱ्यांदा चालू होती.

पत्र तिनं प्रार्थनेच्या पुस्तकात घडी करून ठेवलं होतं. पास व्हायला पाचशे गुण लागत, तिला चारशे एक्याऐंशी मिळाले होते. वर्षात दोनदाच बसता येतं आणि दुसरी खेप या शुक्रवारी होती. आज सोमवार. ही परीक्षा पास झालेली नर्स स्वतः रोगी तपासते आणि स्वतःच्या सहीनं औषध लिहून देते. गावच्या दवाखान्यात अशी एकच बाई होती, थेरेझ, आणि ती महिनाअखेर निवृत्त होत होती. तिची जागा घ्यायला कुणी नसलं तर दवाखान्याला कुलूप लागणार. नदीच्या या काठावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांना मग पन्नास मैल दूर जावं लागणार, तेही बर्फात. नोएलानं नोकरी सांभाळून चार वर्षं अभ्यास करून पदवी घेतली होती ती याचसाठी.

“तुझी संत आन काय म्हणते?” जर्मेनबाईंनी विचारलं.

“काही म्हणत नाही.”

“तिला कशाला त्रास देतेस? बिचारी जन्मात कुठल्या परीक्षेला बसली नाही. पुढचा घे. छातीत जळजळ, वय तीस...”

चाळीस प्रश्न झाले तेव्हा कागदावर सतरा फुल्या होत्या. नोएला खिडकीबाहेर पाहू लागली. बटाटे काढून झालेलं शेत तपकिरी, उघडंबोडकं पसरलं होतं.

“काल दुकानात गल्ल्यावरचा रेनो म्हणाला, ‘काय डॉक्टरीणबाई, कधी सुई टोचणार?’ सगळे हसले. मीही हसले. मग गाडीत जाऊन बसले तर मला किल्ली लावता येईना, मादाम.” ती खिडकीपासून वळली. “मी जात नाही शुक्रवारी. रद्द करते. दोनदा नापास झालेली म्हणून या गावात मला राहता येणार नाही.”

जर्मेनबाई फुल्यांवरून पेन्सिल फिरवत होत्या. एकेक फुली, मग पुस्तकातलं पान, मग पुन्हा फुली.

“त्या मधुमेहवाल्या बाईला काय देतात?”

नोएलानं गोळीचं नाव सांगितलं. किती मिलिग्रॅम, किती दिवसांनी रक्त तपासायचं, खोकला झाला तर बदलून काय द्यायचं, सगळं एका दमात.

“आणि ते उत्तर इथं होतं. अ. मग ते का नाही निवडलंस?”

“ती गोळी डॉक्टर देतो.”

जर्मेनबाईंनी कागद तिच्याकडे फिरवला. सतरांपैकी चौदा फुल्या एकाच तऱ्हेच्या होत्या: डॉक्टरांना कळवा. तज्ज्ञांना विचारा. वरिष्ठांकडे पाठवा.

“येत नाही म्हणून चुकत नाहीयेस तू,” जर्मेनबाई हळूच म्हणाल्या. “माझं ऐकतेयस म्हणून चुकतेयस.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“मी वॉर्डात नवी होते. एका लहान मुलीला श्वास पुरेना. डॉक्टर जेवायला गेलेला. मी न विचारता ऑक्सिजन लावला. पोर वाचली. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला सगळ्या वॉर्डासमोर उभं करून माफी मागायला लावली. मी मागितली. त्यानंतर येईल त्या प्रत्येक पोरीला मी पहिल्या दिवशी तेच वाक्य सांगितलं. तुम्हांला कुणी तसं उभं करू नये म्हणून गं.”

पेन्सिल टेबलावरून घरंगळली आणि खाली पडली. नोएला उचलायला वाकली.

टेबलाखाली जर्मेनबाईंच्या सपाता होत्या. दोन्ही सपाता वरून कात्रीनं कापून रुंद केल्या होत्या. कापलेल्या जागेतून पाऊल फुगून वर आलं होतं.

नोएलानं तिथंच बसून अंगठ्यानं घोटा दाबला. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

“मादाम, हे कधीपासून?”

“थंडीनं होतं.”

नोएला उठली. जर्मेनबाईंचं हृदय अशक्त होतं. अंगात पाणी साचायला लागलं की ते सगळ्यांत आधी वजनात दिसायचं. म्हणून त्यांनी रोज सकाळी उठल्याबरोबर वजन करून फ्रिजवरच्या कॅलेंडरात लिहायचं, असं ठरलेलं होतं. नोएला दर सोमवारी ते पाहून जायची. सकाळी आल्या आल्या तिनं आजही पाहिलं होतं. एकशे अडतीस पौंड. ठीक. आणि पुस्तक उघडलं होतं.

आता तिनं सगळे चौकोन पाहिले. एकशे अडतीस. एकशे अडतीस. अकरा दिवस एकशे अडतीस. सुबक, सरळ, हेडनर्सच्या अक्षरात.

तिनं न्हाणीघरातून वजनकाटा आणून जमिनीवर ठेवला.

“उभ्या राहा.”

“नोएला...”

“उभ्या राहा, मादाम.”

काटा एकशे चव्वेचाळीसवर थांबला. जर्मेनबाई तशाच काट्यावर उभ्या राहिल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. इतकंसं उठण्यानंसुद्धा त्यांना धाप लागली होती.

“‘दिसेल ते लिही’ असं कोण म्हणायचं?” नोएलाचा आवाज फाटला. “एका बाळाचं तापमान मी अंदाजानं लिहिलं म्हणून मला साऱ्या दिवसाचे तक्ते पुन्हा लिहायला लावले होते तुम्ही! आणि इथं अकरा दिवस...”

“खरं लिहिलं असतं तर तू पुस्तक मिटलं असतंस,” जर्मेनबाई म्हणाल्या. “माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. ओळखत नाही का मी तुला? शुक्रवारपर्यंत निभावायचं होतं फक्त.”

“आणि निभावलं नसतं तर?”

नोएलानं त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पायांखाली दुसरी खुर्ची सरकवली, त्यावर उशी. आडवं पडल्यावर धाप लागते का, छातीत दुखतं का, ते विचारून घेतलं; दोन्हीला ‘नाही’. मग भिंतीवरच्या फोनकडे वळली. नंबर तोंडपाठ होता. दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळातले, जर्मेनबाईंवर उपचार करणारे डॉक्टर हॅथवे.

“काय सांगणार आहेस त्यांना?” मागून आवाज आला.

“वजन. सूज. काय करू ते विचारणार.”

“काय करायचं ते तुला माहीत नाही?”

नोएलाचं बोट बटणावर थांबलं. चुलीवरच्या किटलीची वाफ झाकण हलवत होती. मग तिनं नंबर दाबला.

“डॉक्टर, नोएला मिशो बोलतेय. जर्मेन लेव्हेक. अकरा दिवसांत सहा पौंड वाढलंय. दोन्ही पायांना सूज, चालल्यावर धाप, आडवं पडल्यावर नाही. छातीत दुखत नाही.” इथं नेहमी ती थांबायची. आज ती पुढं बोलली. “मला वाटतं लघवीची गोळी दुप्पट करावी. आजपासूनच. उद्या मी रक्त काढून पोटॅशियम पाहते. इस्पितळात हलवायची गरज मला दिसत नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“बरोबर. तसंच कर. आणि एकशे एकोणचाळीसच्या खाली आलं की गोळी पहिल्यासारखी. नंतर कधी वर गेलं तर जादा एक द्यायची की नाही, ते तूच ठरव. दर वेळी मला फोन नको.”

“आजपासून गोळी दुप्पट,” नोएलानं म्हटलं. “उद्या पोटॅशियम. एकशे एकोणचाळीसच्या खाली आल्यावर पूर्वीसारखी. वर गेल्यास एक जादा, गरज पाहून. लिहिलं.”

डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं औषध जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं आणि मग ‘लिहिलं’ म्हणायचं, हेही जर्मेनबाईंनीच शिकवलं होतं. आता त्या डोळे मिटून ऐकत होत्या, कुणाचा तरी धडा ऐकावा तशा.

फोन ठेवल्यावर नोएला कॅलेंडरापाशी गेली. आजच्या चौकोनातल्या एकशे अडतीसवर आडवी रेघ मारली, खाली एकशे चव्वेचाळीस लिहिलं आणि शेजारी आपली सही केली.

“मी रोज सकाळी फोन करीन,” जर्मेनबाई म्हणाल्या. “काट्यावर जे दिसेल तेच सांगीन. आईची शपथ. पण तू शुक्रवारी जायचंस. मी कशीही असले तरी.”

“कशीही असलात तर नाही.”

“मग?”

“जाण्याजोग्या असलात तर. ते मी बघीन.”

“बरं,” जर्मेनबाई म्हणाल्या. “तू बघ.”

मंगळवारी एकशे बेचाळीस. बुधवारी एकशे चाळीस. आदल्या दिवशी काढलेल्या रक्तातलं पोटॅशियम ठीक निघालं. गुरुवारी एकशे अडतीस आणि पाऊण. त्या दिवसापासून गोळी पूर्वीसारखी. नोएला आकडा ऐकायची, परत म्हणायची, आणि पुस्तक उघडायची. प्रत्येक प्रश्नाशी तिचं बोट अजूनही ‘कळवा’कडे जायचं. मग ती बोट उचलायची आणि मनाशी म्हणायची, फोनच्या पलीकडे कुणी नाही. तरी गुरुवारच्या चाळीसांत नऊ फुल्या पडल्याच. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली आणि तोंड धुऊन परत बसली.

शुक्रवारी सहाला नवऱ्यानं कुट्टूच्या पिठाची धिरडी करून समोर ठेवली. तिच्यानं एकही गिळवेना. त्यानं ती फडक्यात बांधून पिशवीत घातली. परीक्षेचं केंद्र दक्षिणेला साडेतीन तासांवर होतं. ती कोट चढवत होती तेव्हा फोन वाजला.

“एकशे चाळीस,” जर्मेनबाई म्हणाल्या.

नोएलानं कोटाची एक बाही तशीच लोंबकळत ठेवली. एका दिवसात सव्वा पौंड. कालचाच आकडा सांगून टाकणं किती सोपं होतं त्यांना.

“रात्री श्वासासाठी उशा किती घ्याव्या लागल्या?”

“दोन. नेहमीच्याच.”

“धाप?”

“नाही. किटली भरून आणली सिंकपासून, काही नाही.”

“काल जेवलात काय?”

“शेजारच्या लोरीननं कोंबडीचा रस्सा आणला होता. बटाट्याचे गोळे घातलेला.”

“खारट?”

“चांगला होता,” जर्मेनबाई म्हणाल्या. मग, “खारट होता.”

नवरा दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. नोएलानं घड्याळाकडे पाहिलं नाही. तिनं डोळे मिटले, आणि त्या मिटल्या डोळ्यांपुढे पायांवरचा खळगा, उशा, किटली, रस्सा असं एकेक येऊन आपापल्या जागी बसलं.

“मिठानं पाणी धरलंय. एक जादा गोळी घ्या. आत्ता. दुपारपर्यंत पाय वर. उरलेला रस्सा लोरीनच्या कुत्र्याला. धाप लागली तर थेरेझला फोन करा, ती आज दवाखान्यात आहे. मी संध्याकाळी येते.”

“डॉक्टरांना कळवू?”

“नको.”

जर्मेनबाईंचा आवाज आला, सरळ, वॉर्डातला, बावीस वर्षांपूर्वीचा.

“एक जादा गोळी, आत्ता. दुपारपर्यंत पाय वर. धाप लागल्यास थेरेझ.” किंचित थांबून त्या म्हणाल्या, “लिहिलं.”

नोएलानं फोन ठेवला. दुसऱ्या बाहीत हात घातला. नवऱ्याच्या हातून किल्ली घेतली, पिशवीतली धिरडी शेजारच्या सीटवर ठेवली आणि नदीकडे पाठ करून गाडी दक्षिणेच्या रस्त्याला लावली.