खुर्चीवर वाढलेला पाय

"वाढतोय! बघा, वाढतोय!"

सभागृहातले तीनशे लोक एकदम उभे राहिले. मागचे तर बाकांवर चढले. व्यासपीठावरच्या खुर्चीत माझी धाकटी बहीण बसली होती. तिचे दोन्ही पाय समोर ताणलेले, आणि टाचा हातात धरून गुडघ्यांवर बसलेला तो पाहुणा प्रचारक, ज्याला सगळे ब्रदर म्हणत, डोळे मिटून गर्जत होता, "हे हट्टी हाडा, प्रभूच्या नावानं तुला हुकूम आहे! वाढ!"

आणि हाडानं हुकूम पाळला. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या आखूड उजव्या पायाची टाच पुढे सरकत डावीच्या बरोबरीला आली. लोक रडायला लागले. मला मात्र घाम फुटला, कारण त्या हाडाशी माझी जुनी ओळख होती.

मी जोडे शिवतो. दुकानात टांगतात ते नव्हेत. ज्यांचे पाय वाकडे, लहानमोठे किंवा अर्धे आहेत त्यांचे. बहिणीचा पाय सहाव्या वर्षी मोडला आणि जुळला तो तीन सेंटिमीटर आखूड. गेली बावीस वर्षं तिच्या उजव्या जोड्याला जाड तळ मीच लावतोय. देवळात, चर्चमध्ये कुठंच माझा जीव रमत नाही. त्या दिवशी नुसता तिला पोचवायला गेलो होतो.

"ताई, आता हा जोडा कशाला?" ब्रदरनं तिचा जाड तळाचा जोडा उंच धरला. "जुना रोग, जुना जोडा! दोन्ही इथंच ठेवून जा!"

ती अनवाणी घरी आली. मी दारातच म्हटलं, "चालून दाखव."

ती चालली. लंगडली.

"सवय आहे रे दादा. ब्रदर म्हणाले, शरीराला विसरायला वेळ लागतो."

"आखूड पायाखाली माझ्या मापाच्या फळ्या घालून उभी राहा. दोन मिनिटांत मोजतो."

"नको. मोजलं म्हणजे शंका घेतली. शंका घेतली की मिळालेलं परत जातं."

काय बिनतोड व्यवस्था होती बघा. पाय वाढला तर ब्रदरचा मान, नाही वाढला तर हिचा दोष, आणि मोजायला तर बंदीच!

ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला आहे. आठ तास उभं राहून चादरी घड्या करायच्या. सपाट चपलांवर चार दिवसांत तिची कंबर धरली. दहाव्या दिवशी चादरींचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना तिचा तोल गेला. मनगट सुजून टम्म झालं. मी तिला आणायला गेलो तेव्हा ती बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"माझीच प्रार्थना कमी पडली, दादा," ती म्हणाली. "देवानं दिलं आणि मला धरून ठेवता आलं नाही."

मनगट बरं होणारच होतं. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून हलेना. जेवताना, चामडं कापताना, गिऱ्हाइकाशी बोलताना तेच. दोनदा तर चुकीच्या पायाचा तळ कापला. शेवटी एका दुपारी बायकोला म्हटलं, "जरा स्टुलावर बस आणि पाय पुढे कर."

"अहो, माझे पाय ठणठणीत आहेत!"

"म्हणूनच."

तिच्या टाचा धरून मी ओढल्या, दाबल्या, वळवल्या. काही होईना. ती कंटाळून उठणार, इतक्यात तोल सावरायला मी तिचे दोन्ही पाय जरा तिच्या उजवीकडे नेले.

"अग्गबाई! अहो, माझा उजवा पाय लांब झाला!"

मग मी डावीकडे नेले. डावा लांब झाला. ती हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. मला मात्र हसू येईना. इतकं सोपं? इतक्यासाठी माझी बहीण जिन्यावरून पडली?

तसाच उठून मी पाळकसाहेबांकडे गेलो. सभागृह त्यांच्याच चर्चच्या मंडळीचं, ब्रदरला बोलावलं होतं त्यांनीच. त्यांना खुर्चीत बसवून पाय एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे नेले. मग त्यांनी स्वतःच पाय पुन्हा एकदा डावीकडे नेऊन बघितले.

"उपासनेला वीस माणसं यायची," ते म्हणाले. "आता तीनशे येतात. नवी माणसं प्रार्थना शिकतायत. मला वाटलं, प्रभूची सुवार्ता पोचतेय."

"काय पोचतंय ते माझ्या बहिणीला विचारा. ती रोज स्वतःलाच अपराधी ठरवतेय."

ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. "मी तिला लहानपणापासून ओळखतो. आणि त्या दिवशी मीच टाळ्या वाजवल्या." मग थांबून म्हणाले, "शनिवारी दुपारी सभा आहे. तू ये. तिलाही आण."

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. ब्रदर माइकवर रंगात आला होता. "आज कुणाचं हाड प्रभूची वाट बघतंय?"

"माझं," असं म्हणून पाळकसाहेबच खुर्चीत जाऊन बसले. ब्रदरला कोण आनंद! टाचा धरल्या, अंग थरथरवलं, गर्जना केली. पाळकांचा डावा पाय वाढला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता आमचे जोडेवाले प्रयत्न करतील," पाळक म्हणाले.

मी वर गेलो. प्रार्थना केली नाही, गर्जना तर येतच नाही. पाय उजवीकडे नेले, उजवा वाढला. डावीकडे नेले, डावा वाढला. पुन्हा उजवा.

"पुरे, पुरे!" पाळक म्हणाले. "नाहीतर मला नवी पँट शिवावी लागेल."

पुढच्या बाकांवर कुणीतरी फसकन हसलं. मी लोकांकडे वळलो. "माणूस खुर्चीत बसला की कंबर जागेवर राहते. पाय वीतभर उजवीकडे नेले की उजवी टाच पुढे येते, डावी मागे पडते. ज्याचे पाय सारखे, त्याचे आधी एका बाजूला नेऊन एक आखूड दाखवायचा आणि मग सरळ करायचे. तुम्ही टाचांकडे बघता. गुडघे कुठं चाललेत, तिकडं कोण बघतो?"

"देवाची परीक्षा घेताय!" ब्रदर कडाडला.

"देवाची नाही, तुमची," मागून आवाज आला. माझी बहीण पट्टी बांधलेला हात सावरत वर येत होती. "दादा, फळ्या आणल्यास?"

मी लाकडी फळ्या काढल्या, प्रत्येक एक सेंटिमीटरची. ती अनवाणी सरळ उभी राहिली. उजव्या पायाखाली एक सरकवली, कंबर कललेलीच. दुसरी, तरी कललेली. तिसरी घातली आणि कंबर सरळ झाली. तीन सेंटिमीटर, बावीस वर्षांपूर्वी होते तेवढेच.

ती ब्रदरकडे बघत म्हणाली, "मी दोन आठवडे देवाची माफी मागतेय. कशाबद्दल, ते तुम्ही सांगा."

ब्रदरनं झब्बा झटकला, "या घरात अविश्वास शिरलाय" म्हणाला आणि निघाला. निम्मी माणसं त्याच्यामागे गेली. ती माणसं आज कुठल्या तरी दुसऱ्या सभागृहात उभी असतील, याची मला खात्री आहे. पाळकसाहेबांनी उरलेल्यांची हात जोडून माफी मागितली. मग एवढंच म्हणाले की प्रार्थनेनं माणूस धीराचा आणि खरा व्हायला हवा. त्यासाठी कुणाच्या टाचा ओढाव्या लागत नाहीत.

हल्ली ते बुधवारी दवाखान्यात जातात. ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्याजवळ बसतात, हवी असेल तर प्रार्थना करतात, औषधाची वेळ झाली की नर्सला हाक मारतात. बहीणही जाते, मी शिवलेला जाड तळाचा नवा जोडा घालून. माझा तिच्या प्रार्थनेवर विश्वास नाही, हे ती जाणते. तिला त्याचं काही वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. प्रार्थना करायची तर खुशाल करा. पण कुणी तुमचं औषध, चष्मा, काठी टाकायला सांगितली आणि वर मोजायची मनाई केली, तर तिथंच थांबा आणि आधी मोजा. मोजून जे उरतं, त्यावर हवा तेवढा विश्वास ठेवा.