तुलनेचा तारा

"बाई, तुमचा तुलनेचा तारा एकटा नाहीये. जोडतारा आहे तो." धाकटी एवढं बोलली आणि मान खाली घालून उभी राहिली. विभागात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी.

बाईंनी चष्मा पुसून तिने आणलेला आलेख पाहिला. शंका घ्यायला जागाच नव्हती. लांब लांब उभ्या असलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून त्यांनी एका तेजस्वी ताऱ्याभोवतीचं वायूचं कडं मोजलं होतं. यंत्र स्वतः किती चुकतं हे कळावं म्हणून शेजारचा एखादा साधा, एकटा तारा बघायचा आणि त्यावरून माप लावायचं, ही त्यांच्या कामाची रीत. तोच एकटा नसेल, तर गजच वाकडा! उभ्या आयुष्यात नाव घ्यावं असं बाईंचं हे एकच काम, आणि ते मुळापासून उखडलं होतं.

"जुनी निरीक्षणं सुधारता येतील?" धाकटीने विचारलं.

"जोडीतला दुसरा तेव्हा नेमका कुठे होता, कुणाला ठाऊक?"

"मग पुन्हा मोजू या ना."

"काय मोजणार, कपाळ? ते कडं केव्हाच विरून गेलं. तारा उघडा आहे आता."

"मग राहू दे, बाई. कोण बघायला जातंय?"

मोह झाला, खोटं कशाला बोला. निवृत्ती तोंडावर आली होती. पण नवी मंडळी त्याच आकड्यावर आपली गणितं रचत होती. "तू बघितलंस की," असं म्हणून बाई शोधनिबंध मागे घेत असल्याचं कळवायला बसल्या. लिहिता लिहिता त्यांना रडू फुटलं. धाकटीने गुपचूप दार लोटून घेतलं.

संध्याकाळी घरी आईच्या पायाची पट्टी बदलायला नर्स आली होती. अंथरुणाला खिळल्यापासून आईला कुणीही श्रोता चालत असे.

"ही माझी लेक. ताऱ्याभोवतीचा वायू मोजलाय हिने. सांग गं यांना, केवढा आहे ते!"

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "आई, ते माप चुकलं होतं. आज सगळ्यांना कळवून टाकलं."

"अगं बाई! मग खरं किती?"

"ते आता कुणालाच कळायचं नाही."

आईने लेकीचा हात ओढून घेतला. "पण ते कडं होतं ना गं?"

"होतं, आई," बाई म्हणाल्या, आणि नर्सला पट्टी नीट गुंडाळता यावी म्हणून त्यांनी आईचा पाय अलगद उचलून धरला.