नीळकंठरावांची सर्दी

नवी राजधानी म्हणून भोपाळ तेव्हा जागोजागी खणून ठेवलं होतं, आणि त्यातला एक खड्डा नीळकंठरावांनी सायकलसकट गाठला. पुण्याहून नव्या कारखान्यात आलेला, दिवसभर सरळ रेघा मारणारा हा ड्राफ्ट्समन, पण स्वतःला सरळ रस्त्यावर राहता येईना, असं त्यांच्या लीलावतीबाई शेजारणींना हसून सांगत. कपाळाला खोक पडली, डोळे काळेनिळे झाले. बाकी निभावलं असं सगळे धरून चालले.

मग सर्दी झाली. एकाच नाकपुडीतून, पाण्यासारखी स्वच्छ. वाकलं की थेंब पडलाच. लीलावतीबाईंनी गवती चहाचा काढा दिला, ओव्याची धुरी दिली. सर्दी ढिम्म. शेवटी लग्नापासून जिच्याशी उभा दावा मांडला होता, ती तपकिरीची डबी त्यांनी आपण होऊन नवऱ्यापुढे धरली.

"घ्या. चार शिंका काढा, मोकळं होईल."

नीळकंठरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी शिंकांचा सपाटाच लावला. नाक आणखी गळू लागलं, डोकं ठणकायला लागलं, तेव्हा कुठे स्वारी डॉक्टरांकडे निघाली.

"रुमाल सूखने पर कड़क होता है?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं जी, एकदम मऊ रहता है. मैं खुद धुती हूँ," लीलावतीबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. सर्दीचा रुमाल वाळला की कडक होतो; हा होत नाही, म्हणजे ही सर्दी नव्हेच, ते म्हणाले. नाकाच्या वरचं हाड तडकलंय आणि मेंदूभोवतीचं पाणी त्यातून झिरपतंय. त्याच वाटेने जंतू वर चढले तर माणूस हाती लागायचा नाही. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. मुंबईला जाऊन कवटी उघडून ते भोक बुजवायला हवं.

शिंका आपणच काढायला लावल्या, हे लीलावतीबाईंच्या मनातून जाईना. मुंबईच्या गाडीत समोरच्या बाईने तिखटाची पुडी सोडली, तर त्या तिच्या अंगावर धावून गेल्या.

मुंबईच्या सर्जननी मांडीतला पातळ पडदा काढून आतून ठिगळ लावलं.

"मांडीचं ठिगळ डोक्याला!" शुद्धीवर आल्यावर नीळकंठराव कुरकुरले.

"बरं झालं. आता तरी डोकं एका जागी बसेल."

भोपाळला परतले, तरी एक परीक्षा उरलीच होती. दिवाळीत एकदा वाकून बघा, सर्जननी बजावलं होतं. थेंब पडला तर कवटी पुन्हा उघडावी लागेल. पाडव्याला नीळकंठराव खुर्चीवर बसून हळूहळू वाकले. लीलावतीबाई समोर जमिनीवर बसून त्यांच्या नाकावर डोळे रोखून होत्या.

फरशीवर टपकन थेंब पडला.

"अहो!" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

नीळकंठरावांनी नाकाखाली बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. मग त्यांनी तसंच वाकून बायकोकडे नीट पाहिलं.

"अगं, नाक तुझं गळतंय."

लीलावतीबाईंनी त्यांच्याच खिशातला रुमाल ओढून काढला आणि तोंडाला लावून मनसोक्त रडून घेतलं.

"गळू दे," त्या म्हणाल्या. "माझा रुमाल कडक होतो."