फेअरवेदरांच्या घराला वारस

डेस मॅकॉल आणि मी, आमची कुंपणं एकमेकांना लागून. त्याआधी कागदाच्या गिरणीत एकाच पाळीला होतो. गिरणी बंद पडली, बर्नी गावातली निम्मी माणसं मेलबर्नकडे निघून गेली, आम्ही दोघं राहिलो. त्यामुळे ग्लेनिस गेल्यावर डेसचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. जुलैतल्या त्या दुपारची गोष्ट मात्र त्यानंच मला सांगितली, आणि सांगायला बसल्यावर स्वतःला सोयीचं नसलेलंही काही वगळलं नाही.

ग्लेनिस त्याची बायको. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळल्यापासून अकराव्या आठवड्यात, फेब्रुवारीत गेली. तिला एकच नाद होता, कॉम्प्युटरवरचा एक खेळ. त्यात घर बांधायचं, माणसं वसवायची. ती जेवतात, रुसतात, लग्न करतात, म्हातारी होतात आणि मरतात. सोळा वर्षं तिनं एकच घराणं चालवलं, फेअरवेदर नावाचं. घराण्याचा मूळपुरुष अँगस, तो तिनं आणि त्यांच्या एकुलत्या मुलीनं, किर्स्टननं, मिळून केला होता. किर्स्टन तेव्हा दहा वर्षांची. त्यानंतर सात पिढ्या झाल्या. डेस त्याला बाहुल्यांचं घर म्हणायचा आणि बाहेर लाकडं फोडायला जायचा.

किर्स्टन आता पार उत्तरेला टाउन्सव्हिलला असते, जनावरांच्या दवाखान्यात काम करते. आईच्या अंत्यविधीला आली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं परत गेली आणि त्यानंतर बापाशी बोलली नाही. आई जायच्या आधी तिला कुणी बोलावलं नव्हतं. फोन आला तो सगळं झाल्यावर.

जुलैत एका दुपारी पाऊस लागला होता म्हणून डेस खण आवरत बसला. त्यात एक शाळकरी वही सापडली. पहिल्या पानावर ग्लेनिसच्या अक्षरात दोनच ओळी: ‘घरात राहील त्याला घर. मेलेलं मेलं, मागे जायचं नाही.’ दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा. पुढे एकेका पिढीचं एकेक पान. ‘अँगस. स्वयंपाकघरात आग. घर मॉडला.’ ‘मॉड. म्हातारपण, झोपेत. घर धाकट्या लायनेलला, थोरली निघून गेली.’ ‘लायनेल. झाडाखाली उभा होता, वीज पडली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.’ डेसला आठवेना की ती कधी दोन दिवस जेवली नव्हती.

शेवटच्या पानावरचं अक्षर थरथरलेलं होतं. ‘आयव्ही. म्हातारी. मूल नाही. कोणीतरी आणायला हवं.’ खाली जानेवारीची तारीख.

त्यानं कॉम्प्युटर लावला. फक्त बघायचं होतं, असं तो म्हणाला. पडद्यावर पिवळं घर आलं, मागच्या परसात ओळीनं दगड, फेअरवेदरांच्या कबरी, आणि स्वयंपाकघरात पांढऱ्या केसांची आयव्ही. ती नुसती उभी होती. डेस चहा ठेवायला उठला, शेगडीत लाकूड घातलं, टोस्टला लोणी लावलं. परत येऊन बघतो तर आयव्ही झोपून उठलेली, खिडकीत दुसरा दिवस, आणि वर लाल अक्षरात सूचना: आयव्हीचं आयुष्य भरत आलं आहे, आता कोणत्याही दिवशी. त्यानं घाबरून फुलीचं बटण दाबलं. खेळानं विचारलं, सेव्ह करायचं? त्यानं होय म्हटलं.

मग तो पंधरा मिनिटं फोन हातात धरून बसून राहिला.

किर्स्टननं दुसऱ्या घंटीला उचलला. “काय झालं? कुठे पडलास का?”

“नाही. आईचा खेळ उघडला होता मी.”

तो पुढे सांगत गेला.

“ती आयव्ही आहे ना, ती मरायला टेकलीय. माझ्यामुळे तिचा एक दिवस गेला. मी चहा करत होतो.”

“थांबव म्हणून बटण असतं, बाबा.”

“मला काय ठाऊक.”

“आणि सेव्ह नाही ना केलंस?”

“विचारलं त्यानं. मी होय म्हटलं. कॉम्प्युटरनं काही विचारलं तर होय म्हणायचं, असं तुझी आईच सांगायची.”

किर्स्टननं विचारलं, “घरात दुसरं कोण आहे?”

“कोणी नाही. ती एकटीच.”

“मग संपलं.” आणि तिनं त्याला समजावलं. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर घर त्याला जातं, कबरी तशाच राहतात. एकटं माणूस मेलं की खेळ घर मोकळं करतो. सामान जातं, दगड उपटले जातात, जागा कुणा परक्याला. मूल दत्तक घेऊन उपयोग नाही, आयव्ही मेली की ते मूल सरकारी माणसं घेऊन जातात.

“सगळे दगड?” डेसनं विचारलं. “अँगसचा पण?”

“सगळे.”

तो म्हणतो, बायको गेली तेव्हा करायला निदान कामं होती, फॉर्म होते, लोकांना चहा द्यायचा होता. इथं हे तिचं सोळा वर्षांचं राखलेलं, आणि तिनं सांगून ठेवलेलं एकच काम.

“पोरी, फोन ठेवू नकोस,” तो म्हणाला. “काय करायचं ते सांग. तू म्हणशील तसं करतो.”

किर्स्टन दुपारच्या सुट्टीत होती. तिनं फोन ठेवला नाही. एखाद्याशी ओळख वाढवून त्याला घरात राहायला बोलवता येतं, पण आयव्हीला मैत्रीण एक नव्हती. ग्लेनिसनं तिला आजारपणाच्या त्या आठवड्यांत नुसतं बागेत ठेवलं होतं. त्यानं खेळ पुन्हा लावला, दिसेल ते तिला सांगत होता. फाटकापाशी टपालवाली आली. “तिला धर,” किर्स्टन म्हणाली. “हवापाण्याचं बोल. मग तिची स्तुती कर.”

“कसली स्तुती?”

“काहीही, बाबा. नुसतं बटण आहे.”

आयव्ही बोलायची आणि दमायची. मध्येच तिला भूक लागे, मध्येच बसावंसं वाटे. डेसचा हात माऊसवर घसरत होता. एकदा त्यानं चुकून तिला टपालवालीवर ओरडायला लावलं आणि केलेली ओळख निम्म्यावर आली. पाचाच्या सुमाराला, म्हणजे खेळातल्या पाचाच्या, कोबीच्या वाफ्यात राखाडी रेनकोटातला एक माणूस उगवला. हातात फाइल. त्या खेळात मृत्यू असा येतो. घरातलं दुसरं कुणी असतं तर त्याच्यापुढे हात जोडू शकलं असतं, क्वचित तो ऐकतोही. टपालवाली घरातली नव्हती. ती बाजूला उभी राहून रडली आणि निघून गेली. आयव्हीनं एप्रन सोडला, त्याची नीट घडी केली, आणि राहिला तो दगड. पडद्यावर आलं: या घरात आता कोणी नाही.

“बाबा, काही दाबू नकोस,” किर्स्टन भरभर बोलली. “वायर काढ भिंतीतली. सेव्ह झालं नाहीये. सकाळपासून परत सुरू होईल.”

“मागे जायचं नाही असं लिहिलंय तिनं.”

“माहीत आहे मला काय लिहिलंय.”

“दोन रेघा मारल्यात.”

“आई नाहीये आता, बाबा. वायर काढ.”

त्यानं गुडघ्यांवर बसून वायर ओढली. उठताना त्याला टेबलाला धरावं लागलं.

पुन्हा लावलं तेव्हा आयव्ही स्वयंपाकघरात होती, ओटची लापशी खात होती. जणू काही झालंच नव्हतं. डेसनं मला सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगतो: “मला त्या बाईचा राग आला. इतका की मला ती मेलेली चालली असती. हिला सकाळ परत मिळते, वायर ओढली की मिळते. माझ्या बायकोनं काय घोडं मारलं होतं कुणाचं.” तो तिथेच रडायला लागला, फोन चालू असताना. किर्स्टननं ऐकून घेतलं. थांब म्हणाली नाही, उगी म्हणाली नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “वही वाच. आयव्हीच्या आधीचं पान. घर सोडून कोण कोण गेलं ते वाच.”

“रॉस,” त्यानं नाक पुसत वाचलं. “आयव्हीचा भाऊ. निघून गेला. एक मुलगी, उना.”

“जिवंत असेल तर तो रक्ताचा आहे. त्याच्याशी ओळख करावी लागत नाही. फोन लाव त्याला.”

रॉस जिवंत होता. काठी टेकत आला, बरोबर उना, चाळिशीची, आखूड केसांची, कपाळाला आठ्या. आयव्हीनं विचारलं, इथे राहायला येता का? रॉसनं मान हलवली, नाही. डेसच्या तोंडून घाण शिवी गेली. “परत विचार,” किर्स्टन म्हणाली, “पण आधी त्याला जेवायला वाढ.” आयव्हीनं भोपळ्याचं सूप केलं. तिघं जेवली. परत विचारल्यावर तो हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी रेनकोटवाला आला. रॉस काठी टाकून त्याच्या पाया पडला. त्यानं फाइल चाळली, मान हलवली, नाही. आयव्ही गेली. खेळातल्या दोन दिवसांनी रॉसही गेला, खुर्चीत बसल्या बसल्या. घर उनाचं झालं. दगड होते तिथंच राहिले, दोन वाढले.

डेसला वाटलं होतं की आता मोकळं वाटेल. तसलं काही झालं नाही. उना परक्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडत होती आणि तो नुसता बघत होता.

“बाबा,” किर्स्टन म्हणाली. तिची सुट्टी केव्हाच संपली होती. “आईनंच सांगितलं होतं का तुला, मला बोलावू नकोस म्हणून?”

त्याला हो म्हणता आलं असतं. तो मला म्हणाला, तोंडापर्यंत आलं होतं. तिला बरं वाटलं असतं, आणि पडताळणारं कोणी उरलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “रविवारी सकाळी तिनं विचारलं, किर्स्टनला कळवलंस का. मी म्हटलं, मंगळवारी डॉक्टर येतायत, ते काय म्हणतात ते ऐकून कळवतो. मला वाटलं, मंगळवारपर्यंत आहे ती. संध्याकाळपर्यंत तिनं तीनदा विचारलं.”

“तीनदा.”

“तीनदा.”

फोनवर मागे कुठलंसं कुत्रं भुंकत होतं. मग ती म्हणाली, “मला आता बोलता येणार नाही,” आणि फोन बंद झाला.

तो आठवडा तिचा फोन आला नाही. पुढचाही नाही. डेस माझ्याकडे जेवायला यायचा, ताटात चिवडून उठायचा. मी म्हटलं, खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं. तो म्हणाला, रविवारीही तेच केलं होतं, तेवढ्यापुरतं बरं वाटेल ते बोललो होतो.

एकोणिसाव्या दिवशी त्यानं स्वतःहून फोन लावला, माझ्याच ओसरीवरून. बराच वेळ वाजला, मग तिनं उचलला. मी आत निघून गेलो. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती आणि तो बोलत नव्हता, ऐकत होता. काय ऐकत होता ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. अंधारेपर्यंत तो तसाच उभा होता, टोपी हातात धरून.